तुरीचं माहेर बांधावर

लातूरच्या आडतीत तूर आली की लोक दाणा बघतात, भाव विचारतात. तिचं गणगोत कुणी विचारत नाही. आज आपण ते विचारू.

खुरपताना बांधाच्या गवतात एक बारीक वेल हाताला लागते. तीन-तीन पानं, छोटं पिवळं फूल, लव असलेली चपटी शेंग. आम्हीही ती कितीदा उपटून फेकली. ती रानतूर, आपल्या तुरीची चुलत बहीण. तिच्या शेंगेवरची लव इतकी दाट असते, की शेंगा पोखरणाऱ्या अळीला आत शिरणं जड जातं. ज्या अळीसाठी आपण फवारे मारतो, तिच्यावरचा उपाय ही अंगावरच बाळगून आहे.

असं बी जपण्याची गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाजवळ येते. त्या साली आपल्या आया-सासवा खडी फोडायला गेल्या. उतरंडीतलं राखेत ठेवलेलं बियाणंसुद्धा शिजवावं लागलं, असं म्हाताऱ्या बाया आम्हाला सांगतात. त्याच १९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग अशा आपल्या कोरडवाहू पिकांवर तिथं काम चालतं. तिच्या जनुकपेढीत, म्हणजे बियांच्या पेढीत, तुरीचे १३,००० हून जास्त नमुने आहेत. त्यात रानातल्या नातलगांचेही आहेत.

पेढी म्हणजे नुसती थंड खोली नव्हे. बी चांगलं वाळवून, हवाबंद पाकिटात, उणे २० अंशांवर ठेवतात. अधूनमधून उगवून बघतात. उगवण घटली की पुन्हा पेरून ताजं बी धरावं लागतं, आणि इथंच रानटी झाडं दमवतात. रानतुरीच्या बियांचं टरफल इतकं कठीण, की त्याला चीर दिल्याशिवाय पाणी आत जात नाही. वेलीला आधार लागतो. शेंग वाळली की तडकून बी उडतं, म्हणून आधीच वेचावं लागतं. मधमाश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणतात, म्हणून फुलं झाकावी लागतात. आपल्या हातांना ओळखीचंच काम आहे हे.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७० च्या सुमारास आशियातल्या भातावर एक विषाणू रोग पडला. फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेनं हजारो नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला एक रानटी भात. ते मूठभर बी आधीच कुणी जपलं नसतं, तर शोधायला गेल्यावर मिळालं असतं का?

तुरीतही असंच झालं. संकरित बी करायचं तर एका ओळीतल्या झाडांच्या फुलांत पराग नसावा लागतो. गुजरातच्या शास्त्रज्ञांनी रानतूर आई धरली, शेतातली तूर बाप धरली, आणि पुन्हा पुन्हा संकर करून तशी ओळ मिळवली. त्यातून २००४ मध्ये जीटीएच-१ हा वाण आला. पराग न धरण्याचा हा गुण आईकडूनच उतरतो. म्हणजे बांधावरची ती वेल त्या वाणाची आई झाली.

सूर्यफुलाचंही तेच. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी अमेरिकेतल्या एका रानटी सूर्यफुलापासून असा गुण मिळवला. जगातल्या बहुतेक संकरित सूर्यफुलांचा धागा त्या एका आईपर्यंत जातो. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानंही संकरित सूर्यफुलाचे वाण काढले.

पण मैत्रिणींनो, पेढीत तेवढंच असतं, जेवढं कुणीतरी रानातून वेचून नेलं. पाकिटातलं बी नेलं त्या दिवशी होतं तसंच राहतं. बांधावरचं बी मात्र दर उन्हाळा, दर रोग सोसत शहाणं होत जातं. म्हणून दोन्ही हवेत. बांध कोरून शेतात घेतला, उरल्यासुरल्यावर तणनाशक मारलं, की आपणच तुरीचं माहेर मोडतो.

यंदा खुरपणीला गेलात की बांधाचा एक कोपरा तसाच राहू द्या. ती पिवळ्या फुलाची वेल दिसली तर पोरींना दाखवा, नाव सांगा. नाव माहीत असलेली वेल उपटताना हात थांबतो. आमचा आता थांबतो.