शाळेतील हिवाळ्याच्या बातम्या

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की महाराष्ट्रातील शाळांत बातम्यांचा हंगाम येतो. क्रीडास्पर्धा, सहल, स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण हे सारे प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीत बसवले जाते. आधी पावसाने मैदान चिखललेले असते आणि नंतर परीक्षा डोक्यावर येते.

या बातम्यांचे जुने वाहन म्हणजे सूचनावही. तास चालू असताना शिपाई ती घेऊन दारात उभा राहतो, शिक्षक मोठ्याने वाचून खाली सही करतात आणि वही पुढच्या वर्गात जाते. दर्शनी भागातला फळा मात्र सुंदर अक्षराच्या शिक्षकाकडे असतो. पाण्यात भिजवलेला खडू वाळल्यावर ठळक उमटतो, ही त्यांची पिढीजात युक्ती.

याच परंपरेतला सर्वांत हृद्य प्रयोग अमळनेरचा. प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तिथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले. रोज स्वतः लिहून मुलांपुढे ठेवलेले हे पत्र नुसते सूचनांचे नव्हते. मुलांशी मायेने बोलण्याची ती जागा होती. शालेय पत्रकारितेचा याहून मोठा आदर्श मराठीत क्वचितच सापडेल.

जानेवारीचा फळा तारखांनी भरतो: 3 तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, 12 ला जिजाऊ आणि विवेकानंद जयंती. 1950 पासून त्यात 26 जानेवारीच्या ध्वजवंदनाची भर पडली. थंडीतली प्रभातफेरी आणि इस्त्रीचा गणवेश यांची सूचना आदल्या दिवशीच वर्गावर्गांत फिरते.