मूर्तिजापूरचा सांधा

१८५३ च्या तहान्वये निजामाच्या अमलाखालचा वऱ्हाड मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला, आणि १८६७ साली भुसावळ-अकोला-बडनेरा मार्गाने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोचताच, जो कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवर घाट उतरत असे, तो मुंबईच्या गोद्यांशी थेट जोडला गेला. अमरावतीची पेठ मुख्य मार्गापासून बाजूला राहिल्याने तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. खामगावचा फाटा तर १८७० साली खुद्द लॉर्ड मेयोंच्या हस्ते खुला झाला.

परंतु खरी मौज मूर्तिजापुरास. अचलपूर व यवतमाळकडून येणारा अडीच फुटी मार्ग आणि साडेपाच फुटी मुख्य मार्ग येथे शेजारी येत, पण मिळत नसत. सबब, सरकी निराळी करून दाबलेली प्रत्येक गाठ एका वाघिणीतून काढून दुसरीत चढविणे प्राप्त होते. रूळ अरुंद करून वाचविलेला पैसा कंपनीच्या खतावणीत शोभला असेल; हमालाच्या पाठीस तो महागच पडला. या अरुंद मार्गावर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.