रोलच्या कॅमेऱ्याच्या लेन्स आणि डिजिटल बॉडी

फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्याची लेन्स डिजिटल एसएलआरला लागेल की नाही, हे मुख्यतः माउंटवर, म्हणजे बॉडीच्या तोंडावरच्या धातूच्या कड्यावर ठरते. या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते. निकॉनचे ४६.५ मिलिमीटर, पेंटॅक्सचे ४५.४६, कॅननच्या जुन्या एफडी माउंटचे ४२ आणि १९८७ मध्ये आलेल्या ईएफ माउंटचे ४४. डिजिटल बॉडीत फिल्मच्या जागी सेन्सर बसला, पण हे अंतर तसेच ठेवले गेले. त्यामुळेच निकॉनचा १९५९चा आणि पेंटॅक्सचा १९७५चा माउंट डिजिटल काळातही चालू राहिला.

कोकणातल्या महाड-पोलादपूरसारख्या भागात या तांत्रिक निर्णयाचा थेट संबंध फोटोग्राफरच्या पोटापाण्याशी होता. सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावातले लग्न असो की साखरपुडा, रोलच्या दिवसांत ३६ फोटोंत वेळ निभवावी लागे आणि रोल धुऊन येईपर्यंत हाती काय आले ते कळत नसे. अशा कामाला पेंटॅक्स के१००० किंवा १९९५ मध्ये आलेला निकॉन एफएम१० यांसारखे यांत्रिक कॅमेरे सोयीचे. त्यांची बॅटरी फक्त लाइट मीटरपुरती. ती संपली तरी शटर पडायचे. महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने मुंबई गाठली की फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने. तिथून मेहनतीच्या पैशाने घेतलेली लेन्स बॉडी बदलताना टाकून द्यायची, ही कल्पना छोट्या स्टुडिओला परवडणारी नव्हती.

२००३ मध्ये कॅननचा ३००डी आणि २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला, तेव्हा डिजिटल एसएलआर मध्यम ऐपतीच्या व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागला. जुन्या लेन्सचा खरा हिशेब इथे सुरू होतो. कॅननच्या फिल्मच्या ईओएस कॅमेऱ्यासोबतची ५० मिलिमीटरची ईएफ लेन्स ३००डीवर ऑटोफोकससकट चालली. एफडी लेन्स असणाऱ्यांची मात्र वाट बंद झाली होती: त्या लेन्सला फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायचे असते आणि ईएफ बॉडीत ४४ मिलिमीटर आधीच गेलेले, त्यामुळे मध्ये जादा काच घातल्याशिवाय दूरचा फोकस मिळत नाही. उलट रशियन झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस किंवा निकॉनची लेन्स साध्या अडॅप्टर कड्याने कॅननवर बसे, कारण त्यांचे अंतर ४४ पेक्षा जास्त आहे. स्वतःच्या जुन्या लेन्सना नाकारणारी बॉडी दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्सना जागा देत होती.

निकॉनमध्ये लेन्स बसे, पण अटी असत. एफएम१०सोबतची ३५-७० झूम डी७०वर लागते, मात्र मीटर बंद पडतो. उजेडाचा अंदाज स्वतः करायचा आणि फोटो स्क्रीनवर तपासायचा. २००५च्या डी२००ने मेनूत लेन्सची माहिती भरून मीटर चालवण्याची सोय दिली. २००६च्या डी४०मधून फोकसची मोटरच काढून टाकली गेली, तेव्हा बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या ऑटोफोकस लेन्सही हाताने फिरवाव्या लागल्या. पेंटॅक्सच्या डिजिटल बॉडीवर जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी एक बटण दाबून मीटर घेता येतो. जुन्या लेन्सविषयी इतकी आस्था थोड्याच कंपन्यांनी दाखवली.

दुसरी अडचण सेन्सरच्या आकाराची. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, तर या बॉडींचा सेन्सर सुमारे २४ बाय १६. ५० मिलिमीटरची लेन्स त्यावर ७५ मिलिमीटरसारखी दिसते. एकट्या नवरीच्या फोटोला हे छानच. पण २८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये मावणारा मांडवातला अख्खा गोतावळा आता चौकटीबाहेर जाऊ लागला, आणि मांडवात मागे सरकायला जागा नसते. १८ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या झूम या गरजेतून आल्या. कॅननच्या तशा ईएफ-एस लेन्स फिल्मच्या बॉडीवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स बसतात, पण फोटोचे कोपरे काळे येतात. ॲपर्चरची रिंग नसलेली निकॉनची ‘जी’ प्रकारची लेन्स एफएम१०वर लावली तर ॲपर्चर सर्वांत लहानच राहते. म्हणजे जुने नव्याला जमे, नवे जुन्याला क्वचितच. २००५चा कॅनन ५डी आणि २००७चा निकॉन डी३ यांनी पूर्ण चौकटीचा सेन्सर आणून जुन्या वाइड लेन्सना त्यांचा पसारा परत दिला.

कोकणात माउंट जुळूनही लेन्स वाया जाण्याचे मोठे कारण वेगळे आहे: बुरशी. पावसाळ्यातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत चामडी केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर तिचे जाळे पसरते. फार दिवस राहिली तर ती काचेवरचा लेप खाते, आणि मग साफ करूनही डाग उरतो. सिलिका जेलचा हवाबंद डबा आणि अधूनमधून ऊन दाखवणे हे त्यावरचे साधे उपाय. पण २००५ आणि २०२१च्या जुलैत सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा अशा काळजीचाही उपयोग उरला नाही. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ फोकसच्या आट्यांत बसला की लेन्स पूर्ण खोलावीच लागते.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनी पूर्ण चौकटीचे मिररलेस कॅमेरे आणले. एसएलआरमधला आरसा गेल्यामुळे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफमध्ये २० मिलिमीटर झाले. जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून बॉडीच्या मोटरवर चालणाऱ्या जुन्या लेन्स तिथेही हाताने फोकस कराव्या लागतात. कॅननच्या एफडी लेन्स मात्र साध्या कड्याने आरएफ बॉडीवर बसतात आणि मधल्या काचेशिवाय अनंतापर्यंत फोकस होतात.