थाई चित्रपटातील समलिंगी प्रणय : आत्मस्वीकाराची किंमत

पिसान अक्करसेरनी ह्यांच्या 'फ्लेंग सुत थाय' (अखेरचे गीत) ह्या 1985 सालच्या चित्रपटाची नायिका सोमयिंग पट्टाया येथील कॅबरेत गाते. तिने हाताला धरून वर आणलेला तरुण एका स्त्रीसाठी तिला सोडून जातो आणि भर प्रयोगात, प्रेक्षकांसमोर, सोमयिंग स्वतःचा अंत करून घेते. थाई चित्रपटातील समलिंगी प्रणयाचा इतिहास ह्या मृत्यूपासून सुरू करून पुढील सारी वाटचाल मुक्तीच्या दिशेने झाली, असे दाखविण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तो टाळावयास हवा. कारण ह्या इतिहासात पुढे ज्याला आत्मस्वीकार लाभतो, तो नायक सोमयिंगचा वारस नाही.

सोमयिंग कथोय आहे. पुरुषदेहाने जन्मून स्त्रीरूपाने जगणाऱ्या व्यक्तीसाठी थाई भाषेतील हा रूढ शब्द. त्या भाषेतील 'फेत' ही एकच संज्ञा शरीरलिंग, लिंगभाव आणि लैंगिकता ह्या तिन्हींना कवेत घेते. पाश्चात्त्य समीक्षेने ज्यांची काळजीपूर्वक फारकत केली, त्या कोटी येथे एकत्रच नांदतात. पुरुषाने पुरुषावर प्रेम करावयाचे तर दोघांपैकी एकाने स्त्री व्हावे, ही ह्या व्यवस्थेची सहज अपेक्षा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम 1957 साली अमलात आलेल्या दंडसंहितेत नव्हते, त्यामुळे मुख्य झगडा फौजदारी कायद्याशी नव्हता. तो होता कर्मकल्पनेशी. लोकसमजुतीनुसार कथोयपण हे पूर्वजन्मीच्या व्यभिचाराचे फळ. म्हणून ते करुणेस पात्र, सुखास नव्हे. सोमयिंगचा मृत्यू ह्या न्यायाला धरून होतो, आणि प्रेक्षक तिच्यासाठी मोकळेपणी रडू शकतो तो बहुधा त्यामुळेच. त्याच दिग्दर्शकाने 2006 साली हा चित्रपट पुन्हा काढला. ह्या अश्रूंची मागणी दोन दशकांनंतरही संपली नव्हती.

दरम्यान शोकाची जागा हशाने घेतली होती. योंगयुत थोंगकोंगतून ह्यांचा 'सत्री लेक' (लोहस्त्रिया, 2000) हा 1996 साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या लांपांगच्या व्हॉलीबॉल संघावर बेतलेला आहे. कथोय येथे मरत नाही, जिंकते. प्रणय मात्र विनोदाच्या कडेला जातो. अपिचातपोंग वीरसेथाकुल ह्यांच्या 'सुत प्रलात' (2004) मध्ये एक सैनिक आणि एक ग्रामीण तरुण ह्यांच्या प्रेमाला कोणी आक्षेपच घेत नाही. चित्रपट मधोमध दुभंगतो आणि प्रियकर अरण्यातील वाघ होतो. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. परंतु आत्मस्वीकार हा त्याचा प्रश्नच नव्हे, आणि थाई लोकप्रिय चित्रपटाने पुढे घेतलेली वाट ह्या अरण्यातून जात नाही.

ती वाट बँकॉकच्या सयाम चौकातून जाते. चूकियात साकवीरकुल ह्यांचा 'रक हैंग सयाम' (सयामचे प्रेम) 2007 च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. भित्तिपत्रकांवर दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. नेहमीची किशोरवयीन प्रेमकथा पाहावयास आलेल्यांना दोन मुलग्यांचे चुंबन पाहावे लागले, आणि वाद उसळला. तथापि चित्रपटाचे खरे केंद्र ते चुंबन नव्हे. तोंगची मोठी बहीण सहलीत नाहीशी झाली आहे, बाप मद्यात बुडाला आहे, आई सुनी उरलेल्या एकुलत्या मुलाला घट्ट धरून बसली आहे. चुंबन पाहिल्यावर ती मुलाला जाब विचारीत नाही. म्यूकडे जाऊन त्याला दूर राहावयास सांगते. पुढे नाताळचे झाड सजविताना कोणती वस्तू लावावी असे तोंग विचारतो आणि तुला आवडेल ती निवड असे ती सांगते. 'मी असा आहे' असा उच्चार कोणीच करीत नाही. पाश्चात्त्य चित्रपटांत ज्या जाहीर कबुलीभोवती नाट्य रचले जाते, तिची जागा येथे आईच्या संमतीने घेतली आहे. कुटुंब कॅथलिक आहे, हेही ध्यानात घ्यावे : त्यामुळे पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब ह्या घरात मांडताच येत नाही. ही योजना हेतुपूर्वक असो वा नसो, तिचा परिणाम मोठा आहे.

आणि संमती मिळाल्यावर तोंग काय करतो? आपण जोडीदार होऊ शकत नाही, पण प्रेम नाही असे नव्हे, असे म्यूला सांगून निघून जातो. लाकडी बाहुलीचे हरवलेले नाक जागेवर बसवून म्यू एकटाच रडतो. आत्मस्वीकार आणि प्रणय ह्यांची येथे ताटातूट होते; स्वतःला स्वीकारलेला मुलगा प्रेम मात्र पुढे ढकलतो. सोमयिंगप्रमाणे म्यूही गायक आहे, त्याचेही प्रियकराला उद्देशून गाणे रंगमंचावर घडते, पण तो जगतो. त्याला जगता येते, कारण तो कथोय नाही : शहरी, सुशिक्षित, देखणा, मुलग्यासारखा मुलगा आहे. 2014 च्या 'लव्ह सिक' पासून फोफावलेल्या दूरचित्रवाणी मालिकांनी हाच नायक उचलला. कथोय त्यांत बहुधा नायकाची गमतीदार मैत्रीण झाली. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम प्रतिष्ठित झाले ते तिला प्रणयकथेबाहेर ठेवून.

थन्वारिन सुक्खपिसित ह्यांच्या 'इन्सेक्ट्स इन द बॅकयार्ड' (2010) ह्या चित्रपटाने हे ठेवणे नाकारले. ह्यातील कथोय कोणाची मैत्रीण नाही, बाप आहे. आणि त्या घरातील मुले बापाला थोरली बहीण म्हणून जगापुढे आणतात. 'रक हैंग सयाम'मध्ये मूल पालकाच्या संमतीची वाट पाहते, येथे पालक मुलांच्या. चित्रपटावर बंदी आली. 2008 च्या कायद्याने पोलिसी परिनिरीक्षण संपवून वर्गवारी आणली होती, ती ह्याच्या उपयोगी पडली नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि काही सेकंदांचे दृश्य कापून 2017 साली तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक थन्वारिन 2019 साली संसदेत निवडून आल्या. समलिंगी विवाहाचा कायदा 23 जानेवारी 2025 रोजी अमलात आला तेव्हा त्यात पती आणि पत्नी ह्यांच्या जागी जोडीदार हा शब्द होता. पिता आणि माता हे शब्द मात्र पूर्वीचेच राहिले होते.