आमवातातील दाह आणि सायटोकाइने

आमवात, म्हणजेच रुमेटॉइड आर्थ्रायटिस, या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि तिथे दाह होतो. पेशींमधले निरोप पोचवून हा दाह भडकवणाऱ्या आणि आवरणाऱ्या लहान प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट असते. सकाळी मूठ वळत नाही, कणीक तिंबवत नाही, धुणे पिळवत नाही. हा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो.

सुजलेल्या अस्तरातील मॅक्रोफेज पेशी टीएनएफ हे सायटोकाइन सोडतात. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी सांध्यात शिरतात, अस्तर जाड होते, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही सायटोकाइनेही वाढतात. इंटरल्यूकिन-६ सांध्यापुरते थांबत नाही. ते यकृताकडून सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन तयार करवते, तसेच हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवून लोह अडवते. लोहाच्या गोळ्या घेऊनही अनेकींचे हिमोग्लोबिन वाढत नाही ते यामुळेच. या दाहात वाढणारे रँक-लायगंड हे प्रथिन हाड झिजवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी घडवते. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही, म्हणून उपचारांना उशीर करणे महागात पडते. इंटरल्यूकिन-१० दाह शमवते, पण या रोगात त्याचे बळ अपुरे पडते.

टीएनएफ एकटे रोखले तरी इतर दाहक सायटोकाइने ओसरतात, हे लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवले. १९९२ मध्ये टीएनएफरोधक औषधाची रुग्णांवर पहिली चाचणी झाली. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे इंटरल्यूकिन-६ चा मार्ग बंद करणारे टोसिलिझुमॅब आणि पेशीच्या आतील जॅक विकरे रोखणारे टोफासिटिनिब ही औषधे आली. तरीही उपचारांची सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटनेच होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

टीएनएफला निव्वळ शत्रू मानणे मात्र धोक्याचे, विशेषतः क्षय जास्त असलेल्या मध्य भारतात. फुफ्फुसात क्षयाचे जंतू पेशींच्या ज्या गाठींत कोंडलेले असतात, त्या गाठी टीएनएफमुळेच टिकतात. टीएनएफ रोखले की सुप्त क्षय जागा होऊ शकतो. जबलपूरच्या गढा भागातील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून आदिवासींच्या आरोग्यावर काम करते. श्योपूर जिल्ह्यातील सहरिया आदिवासींच्या तिने केलेल्या पाहणीत फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे १,५१८ आढळले. अशा प्रदेशात टीएनएफरोधक इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी मांटू किंवा इग्रा चाचणी कधीही टाळू नये. सुप्त क्षय आढळल्यास आधी प्रतिबंधक औषधे सुरू करतात आणि साधारण महिनाभराने इंजेक्शन देतात. टीएनएफरोधकांपैकी एटानरसेप्टमध्ये क्षय जागा होण्याचा धोका इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबपेक्षा कमी दिसतो. औषध निवडताना डॉक्टर हेही पाहतात.