डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा अंत : कथा आणि कागद

गेल्या आषाढांत शिर्डी येथें एका लहानशा निरोपसमारंभास आम्ही उपस्थित होतों. आमचा एक जुना विद्यार्थी, व्यवसायानें फिजिओथेरपीचा जाणकार, पूर्व आफ्रिकेंतील एका रुग्णालयांत कांहीं महिने विनावेतन काम करण्यास निघाला होता. शिर्डीस सेवेकरी नवीन नाहींत. पालखीबरोबर चालत येणारे, प्रसादालयांत पंगती वाढणारे असे परगांवचे लोक येथें बारमास दिसतात. येथून बाहेर सेवेस जाणारा मात्र विरळा. म्हणून सभेंतील एका वक्त्यानें सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा दाखला दिला, तो उचितच होता. परदेशांत रुग्णसेवेस गेलेले हे पहिले हिंदी डॉक्टर, आणि चीनमध्यें प्लेगशीं झुंजतां झुंजतां प्लेगनेंच ते गेले, असें वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या, आम्हींही वाजविल्या. घरीं परततांना विद्यार्थ्यानें हळूच विचारलें, "गुरुजी, प्लेग कीं फेफरें?"

आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, याची लाज वाटली; कारण तीस वर्षें वर्गांत आम्ही प्लेगच सांगत आलों होतों. त्यास आधार काय, तर लहानपणीं तंबूंतील सिनेमांत पाहिलेला एक चित्रपट! प्रस्तुत लेख हें त्या चुकीचें परिमार्जन समजावें.

प्रथम 'पहिले' या शब्दाविषयीं. १९१२ सालीं बाल्कन युद्धाच्या वेळीं डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्थानांत गेले होते. त्या वेळीं कोटणीस सोलापुरांत दोन वर्षांचें मूल होतें. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. तेव्हां प्राथम्याचा मान त्यांस देतां येत नाहीं, व तो नसल्यानें कांहीं उणेंही पडत नाहीं.

चीनकडे गेलेल्या पथकाची हकीकत सर्वश्रुत असल्यानें थोडक्यांत देतों. १९३७ च्या जुलैंत जपाननें चीनवर सर्वंकष स्वारी केल्यावर सेनापति जू दे यांनीं पंडित नेहरूंस पत्र लिहून साह्य मागितलें. १९३८ सालीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते; त्यांच्या आवाहनावरून ठिकठिकाणीं 'चीन दिन' पाळण्यांत आला व सुमारें २२ हजार रुपये जमले. पांच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, हे स्पेनच्या यादवी युद्धांत जखमींची शुश्रूषा करून आलेले. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. नागपूरचे डॉ. चोळकर, आणि मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले आमचे कोटणीस. पांचांत दोघे मराठी भाषिक होते ही गोष्ट आपणांकडेही फारशी कोणी बोलत नाहीं. चोळकर वयानें वडील, उपप्रमुख, सुखरूप परत आले, म्हणूनच बहुधा विस्मृत झाले. १ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' जहाजानें मंडळी मुंबईहून निघाली आणि त्याच महिन्यांत कँटनला पोंचली.

येथें आडनांवाविषयीं दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्याच पंक्तींतील हें नांव. 'णीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. कोटाचा कारकून हा अर्थ उघड दिसतो. चीनमध्यें हें आडनांव 'को' एवढेंच उरलें, व त्यापुढें 'दिहुआ' लागून 'को दिहुआ' झालें. पांचही डॉक्टरांच्या चिनी नांवांच्या अखेरीस 'हुआ', म्हणजे चीन, हें अक्षर घातलेलें होतें. चिनी कागदांत शोध घेणाऱ्यानें 'कोटणीस' शोधूं नये.

वडील वारल्याची वार्ता त्यांस चीनमध्येंच कळली. परत न फिरतां ते येनानकडे निघाले, आणि १९३९ च्या फेब्रुवारींत तेथें पोंचले. पुढें ते जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या, शान्सी, चाहार व होपेइ या तीन प्रांतांच्या सरहद्दीवरील डोंगराळ मुलखांत गेले. कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून याच मुलखांत काम करीत असतां, शस्त्रक्रियेच्या वेळीं बोटास झालेली जखम चिघळून १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं मरण पावले होते. त्यांच्या नांवें उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ च्या जानेवारींत कोटणिसांकडे आलें. १९४० च्या मोठ्या मोहिमेंत, जीस 'शंभर पलटणींची लढाई' म्हणतात, त्यांनीं आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदां तर ७२ तास झोंप न घेतां शस्त्रक्रिया चालविल्या, असें नमूद आहे.

आम्हां भाषेच्या माणसांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक थोर वाटते. हा गृहस्थ चिनी भाषा शिकला, त्या भाषेंत विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकवूं लागला आणि त्यांच्यासाठीं पाठ्यपुस्तक लिहावयास बसला. परक्या मुलखांत मलमपट्टी करणें एक आणि तेथील मुलांस त्यांच्याच शब्दांत शिकवून आपली गरज संपविणें दुसरें. आज विदेशीं सेवेस जाणाऱ्यांपैकीं किती जण तेथील भाषेचीं पहिलीं शंभर वाक्यें तरी शिकून जातात? आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं हा प्रश्न केला. त्यानें स्वाहिलीची एक पातळ वही दाखविली, तेव्हां समाधान वाटलें.

तेथील परिचारिकांच्या शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशीं १९४१ सालीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. त्याचें नांव सेनापति न्ये रोंगझेन यांनीं 'यिनहुआ' असें सुचविलें. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. व्याकरणदृष्ट्या हा द्वंद्व समास, व दोन्ही पदें प्रधान! पुत्र साडेतीन महिन्यांचा असतां, ९ डिसेंबर १९४२, म्हणजे शके १८६४ मध्यें, होपेइ प्रांताच्या तांग परगण्यांत कोटणिसांचें देहावसान झालें. वय ३२.

आतां मूळ प्रश्न. मरणाचें कारण अपस्मार, म्हणजे फेफरें, होतें. तें अकस्मात् उद्भवलेलें नव्हतें. आधींपासून झटके येत होते. उपचारासाठीं तो मुलूख सोडून जावें, असें सहकाऱ्यांनीं सुचविलें होतें. ते गेले नाहींत. प्लेगची कथा कोठून आली? ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ सालीं या पथकावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. त्यांत नायक साथीचें निवारण करतो आणि त्याच रोगास बळी पडतो. बोलपट काढणारा इतिहास लिहावयास बांधलेला नाहीं. त्यास दोष देतां येणार नाहीं. दोष आमच्यासारख्यांचा, ज्यांनीं पडद्यावरची बखर अस्सल कागदाप्रमाणें वाचली. राजवाड्यांनीं बखरींची जी झाडाझडती घेतली, ती आम्हीं तोंडपाठ केली. पण अठराव्या शतकाच्या अलीकडे ती लागू करावी हें आम्हांस सुचलें नाहीं.

तथापि चूक इतकी टिकली याला बोलपट एवढेंच कारण नसावें, असा आमचा तर्क आहे. प्लेगचें मरण सांगण्यास सोपें व सभेस शोभणारें. फेफरें हा शब्द मात्र आपल्या समाजांत अजून खालच्या आवाजांत उच्चारला जातो; लग्नें जुळवितांना तो लपविला जातो. शिर्डीच्याच साहित्यांत याच्या उलट उदाहरण आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनीं 'श्रीसाईसच्चरितां'त, बाबांचा हात १९१० सालीं धुनींत भाजला असतां त्यास नित्य पट्टी बांधणारा भागोजी शिंदे महारोगी होता, हें स्पष्ट लिहून ठेविलें. रोग सांगितल्यानें भागोजीची सेवा हलकी झाली नाहीं. कोटणीस तर स्वतः वैद्य. झटक्यांचा अर्थ त्यांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. तो अर्थ जाणून ते राहिले. प्लेग सांगून आम्ही त्यांचा हा निश्चयच पुसून टाकीत होतों.

शोधकास साधनें नाहींत असें नाहीं. डॉ. बसू १९४३ सालीं परत आले. पुढें चीनमध्यें सुईचिकित्सा शिकून तिचा त्यांनीं हिंदुस्थानांत प्रसार केला. त्यांची रोजनिशी १९८६ सालीं छापली गेली. बंधु मंगेश कोटणीस यांनीं चरित्र लिहिलें. ग्वो चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या व त्यांच्याही आठवणी प्रसिद्ध आहेत. पुत्र यिनहुआ मात्र वैद्यकाचें शिक्षण घेत असतांच, १९६७ सालीं, ऐन तारुण्यांत गेला. आम्हांस हवें आहे तें निराळें : 'चीन दिना'च्या वर्गणीच्या पावत्या, नागपूर, सोलापूर व मुंबई येथील सभांचीं हस्तपत्रकें, पथकांतील कोणीही घरीं धाडलेलें कार्ड. मोडी दफ्तर पाहिलें कीं आपले संग्राहक हात जोडतात आणि १९३८ ची पावती रद्दींत घालतात. वाचकांपैकीं कोणाकडे असा कागद असल्यास, लिफाफ्यासह जपावा व त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी.

आमचा विद्यार्थी श्रावणांत गेला. निघतांना त्यास आम्हीं एवढेंच बजावलें कीं, पत्र कागदावर लिही आणि माथ्यावर तारीख व ठिकाण घाल. पहिलें पत्र गेल्या पंधरवड्यांत आलें. पांच पृष्ठें आहेत, मजकूर उत्तम आहे, तारीख नाहीं. टपालाच्या शिक्क्यावरून आम्हीं ती पेन्सिलीनें लिहून ठेविली.