बाळापूरचा किल्ला

पुतण्याने जपानहून हिमेजी किल्ल्याचे फोटो पाठवले. पांढराशुभ्र, 1609 साली पुरा झालेला. 1945च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालच्या शहराचा मोठा भाग जळाला, किल्ला मात्र वाचला. फोटो पाहताना मनात आलं, जन्मभर पोरांना इतिहास शिकवला, रायगड-प्रतापगड तोंडपाठ करून घेतले. पण अकोल्याहून जेमतेम पंचवीसेक किलोमीटरवरच्या बाळापूरला सहल एकदाही नेली नाही!

म्हणून परवा एसटीने एकटाच गेलो. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमाजवळ, उंचवट्यावर हा किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, नवाब इस्माईलखान याने 1757 मध्ये पुरा केला. विटांचं काम बघत राहावं असं. पायथ्याशी बाळादेवीचं मंदिर, तिच्यावरूनच गावाचं नाव पडलं. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरच्या तहाच्या धड्यातले जयसिंग आपल्या वऱ्हाडात, आणि मी पोरांना कधी सांगितलंच नाही.

आमच्या अकोल्याचा असदगड इंग्रजांनी 1870च्या सुमारास पाडला. मग बाळापूर का राहिला? मला वाटतं, तिथे सरकारी कचेऱ्या भरू लागल्या म्हणून. हिमेजीतही पुढे लष्कराची छावणी होती. वास्तू वापरात असली की सहसा कोणी तिच्यावर कुदळ चालवत नाही.

आता तिला काम द्यायचं ते आपणच. निदान सहलीचं तरी! दिवाळीत नातवंडं आली की डबे बांधून निघायचं, ठरलं.